कोड बघून सेन्सर बदलायचा की आधी लाइव्ह डेटा बघायचा?

जुनी पेट्रोल गाडी गरम झाली की सिग्नलला बंद पडते, पंधरा-वीस मिनिटं थांबलं की परत चालू, स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र) कोड पी 0335, म्हणजे क्रँक सेन्सर, इंजिन किती वेगाने फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा. सरळ सेन्सर बदलला तर काम पटकन होतं आणि गरम झाल्यावरच त्रास असेल तर बऱ्याचदा दोषी तोच निघतो. पण हा कोड सर्किटचा असतो, नुसत्या सेन्सरचा नाही! वायर घासली असेल, कनेक्टरमध्ये ऑइल शिरलं असेल तरी हाच येतो. माझ्या गाडीत नवा सेन्सर टाकूनही चार दिवसांनी तेच, शेवटी कनेक्टर काढून बघितला तर एका पिनवर हिरवट गंज.

म्हणून मी तर सांगेन आधी ब्लूटूथ स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिनचे त्या क्षणाचे आकडे बघा. गाडी बंद पडली की तिथेच स्टार्टर मारत आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) बघायचा, शून्यच राहिला तर सिग्नल येत नाहीये, 200 च्या आसपास दिसला तर फ्युएल पंप, इग्निशनकडे वळा. वेळ जातो, पण नवा सेन्सर फुकट जात नाही. फक्त 2010 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत स्वस्तातलं डोंगल, म्हणजे हाच ब्लूटूथ स्कॅनर, कनेक्टच होत नाही, तिथे मल्टिमीटर घेऊन वायर तपासावी लागते.