13 मिमीचं इम्पॅक्ट ड्रिल: आठ महिने वापरल्यावर

आईच्या चिंचवडच्या जुन्या फ्लॅटचं काम काढलं तेव्हा 600 वॉटचं, वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल घेतलं. 13 मिमी म्हणजे त्याच्या चकची, बिट (भोक पाडणारी सळी) धरणाऱ्या जबड्याची, पकड. आठ महिन्यांत शंभरेक भोकं तरी पाडली असतील: गीझर, पुस्तकांच्या फळ्या, भांड्यांचं मांडण, बाथरूममधले हूक. विटेच्या भिंतीत याला तोड नाही. 8 मिमीचं भोक बघता बघता होतं.

खरा घाम काढला तो पडद्यांच्या दांड्यांनी. खिडकीच्या डोक्यावर लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते आणि ती आरसीसीची, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटची. एरवी गिलावा संपला की विटेची लाल पूड येते. इथे करडीच येत राहिली, मशीन नुसतं किंचाळत राहिलं. मी अंगाचा भार टाकून रेटलं. बिटचं टोक तापून निळं पडलं, भोक मात्र जेमतेम सेंटिमीटरभर.

मशीन खराब निघालं असं वाटून मी ते परत द्यायला निघालो होतो. पण दोष मशीनचा नव्हता. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि त्यातून ठोका बसतो. ठोके मिनिटाला हजारोंनी, पण हलके. जोर आपल्या मनगटाचा. काँक्रीटसाठी वेगळं मशीन असतं, रोटरी हॅमर. त्यात पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या रेट्याने आतला दट्ट्या बिटच्या मागे आपटतो. ठोके कमी, पण एकेक घणासारखा. शेवटी एक दिवसासाठी एसडीएस प्लसवालं (खाचांच्या दांड्याचे बिट घेणारं) रोटरी हॅमर भाड्याने आणलं. चार खिडक्यांची सोळा भोकं दुपारच्या जेवणाआधी झाली. एका ठिकाणी सळई लागली, तिथे भोक दोन सेंटिमीटर बाजूला घेतलं.

मग तेच का घेऊ नये? घराची भिंत, लाकूड, टाइल असं मिश्र काम असेल तर माझं मत इम्पॅक्ट ड्रिललाच. रोटरी हॅमर जड असतं, आणि लाकडाचे गोल दांड्याचे बिट त्यात थेट बसत नाहीत, वेगळा चक लावावा लागतो. लिंटेल, कॉलम, स्लॅबचं काम एकदाच निघतं, त्यापुरतं भाड्याचं बरं. संपूर्ण घर काँक्रीटच्या भिंतींचं असेल, जसं बऱ्याच नव्या टॉवरमध्ये असतं, तर मात्र इम्पॅक्ट ड्रिलवर पैसे घालू नका.

घेताना ट्रिगरवर वेग कमीजास्त होतो का आणि हॅमर, म्हणजे ड्रिलचा ठोका, बंद करता येतो का, हे दुकानातच बघा. बाथरूमची पहिली टाइल मी हॅमर चालू ठेवल्यामुळे तडकवली. त्यानंतर खुणेवर कागदी टेप, हॅमर बंद, वेग अगदी कमी; टाइल पार झाली की मगच हॅमर. पुन्हा एकही फुटली नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, आतून वायरचा पाइप गेलेला असतो. आणि वर बघून भोक पाडताना चष्मा लावाच.