किलीफिशच्या अंड्यांसाठी बाल्टिक पीट: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

नोथोब्रँकियस गुएंथेरी हा झांझिबारचा किलीफिश, म्हणजे छोटा गोड्या पाण्यातला मासा. तिथली डबकी आटली की मासे मरतात, पण चिखलातली अंडी तग धरतात आणि पुढच्या पावसात फुटतात. घरी त्या चिखलाची जागा पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं स्फॅग्नम शेवाळ) घेतं, म्हणून इथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

पिशवी घेताना आधी लेबल वाचा. रोपवाटिकेच्या पीटमध्ये बऱ्याचदा खत मिसळलेलं असतं आणि चुना घालून सामू वाढवलेला असतो, ते नको. शुद्ध स्फॅग्नम पीटचा सामू साधारण ३.५ ते ४.५. मला मिळालेलं बाल्टिक (उत्तर युरोपातल्या बाल्टिक भागातलं) पीट छान तंतुमय निघालं. अगदी भुकटी असलेलं पीट पाणी गढूळ करतं आणि त्यात जेमतेम मिलिमीटरभराची अंडी शोधणं अवघड जातं.

कोरडं पीट तरंगतच राहतं. काड्या वेचून ते उकळायचं. आतली हवा निघाली की तळाशी बसतं. मग पाणी फिकट होईपर्यंत धुवायचं. या कामाला वेळ द्याच.

टाकीत मासे अंडी घालतात त्या डब्यात दोन-तीन सेंटिमीटर थर पुरतो. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पीट जाळीत गाळून हलक्या हाताने पिळायचं आणि वर्तमानपत्रावर पसरायचं. खरी कसोटी ओलाव्याची: मुठीत गोळा व्हावा, पण थेंब पडू नये. पावसाळ्यात आपल्या हवेत हे वाळता वाळत नाही. वर्तमानपत्र बदलत राहावं लागतं. नंतर साध्या पॉलिथिन पिशवीत, तारीख लिहून, २४-२५ अंशांच्या आसपास.

गुएंथेरीच्या अंड्यांना साधारण तीन महिने लागतात, पण कॅलेंडरपेक्षा भिंगावर विश्वास ठेवा. अंड्यात डोळ्याभोवती सोनेरी कडं दिसलं की १८-२० अंशांचं गार पाणी ओतायचं. काही तासांत पिल्लं पोहताना दिसतात, आणि तो आनंद दर वेळी तेवढाच असतो! पिल्लांच्या खाण्यासाठी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले सूक्ष्म झिंगे) आधीच फुटायला लावून ठेवा. सगळी अंडी एकदम फुटत नाहीत, त्यामुळे तेच पीट पुन्हा सुकवून काही आठवड्यांनी भिजवा.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) स्वस्त आणि सहज मिळणारं. त्यात क्षार असतात, त्यामुळे बरंच धुवावं लागतं. अंडी घालायला मासे तेही स्वीकारतात. पण महिनोन्‌महिने साठवायला मी बाल्टिकच घेईन. ओलावा त्यात जास्त एकसारखा राहतो. रॅकोवी या दुसऱ्या नोथोब्रँकियसच्या अंड्यांना तर याहून जास्त महिने लागतात, त्यांच्यासाठी दुसरा विचारच नको.