शॉकअप ऑइल बदलून सात महिने (पल्सर 150)

गेल्या वर्षीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात 'फ्रंट फोर्क ऑइल', म्हणजे पुढच्या शॉकअपमधलं तेल बदललं, अशी एक ओळ होती. पैसे मुकाट्याने भरले. नोव्हेंबरात डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला, म्हणून नाना पेठेतून दोन्ही बाजूंची सीलं आणि ऑइल आणून गल्लीतल्या गॅरेजात उघडायला दिलं. आतून निघालं काळं गढूळ पाणी, आणि वास थेट सुकटीचा! आधी वाटलं, सील गेलं की पाणी-माती आत जाणारच, सर्व्हिसवाल्यांवर उगाच संशय नको. मग उजवं उघडलं. त्याचं सील धडधाकट, तेल तेवढंच काळं. बिल अजून जपून ठेवलंय.

आता खरा मुद्दा, माप. मेकॅनिक बाटलीच उपडी करायला निघाला. "दादा, हाताला अंदाज आहे." जुनं तेल मोजलं होतं: उजवीकडे 130 मिलि, डावीकडे 85. असल्याच अंदाजाने भरलेलं असणार, त्यातून डावीकडचं गळालेलं. शेवटी पोरीच्या खोकल्याच्या औषधाचं 10 मिलिचं झाकण आणलं. बारा की तेरा यात घोळ झाला, सगळं परत ओतून पहिल्यापासून मोजलं. मग पाइप आठ-दहा वेळा वरखाली करून हवा काढली, दोन्हीकडची पातळी सारखी केली आणि मगच स्प्रिंग टाकली. तो वैतागला, मजुरी मात्र तेवढीच घेतली.

ऑइल 15W घेतलं (आकडा मोठा तेवढं तेल जाड), जाड तेवढं टिकाऊ अशा समजुतीने. पहिले दोन महिने पस्तावलो. थंडीत सकाळी प्रत्येक गतिरोधक मनगटात कळायचा. जूनमध्ये ताम्हिणीत, पावसात, मागे बायको बसलेली असताना मत बदललं. उतारावर ब्रेक दाबला की पुढचं चाक पूर्वी लोटांगण घालायचं, ते थांबलंय. अर्थात जाड तेलाने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त दबणं आणि परत येणं सावकाश होतं. लहान खड्ड्यांवर त्याचाच त्रास. पुढच्या वेळी 10W, आणि दोन्हीकडे एकाच कंपनीचं, कारण दोन कंपन्यांचं 10W सारखंच पातळ असेल असं नाही.

उरलेलं तेल बिजागऱ्यांना घातलं. ते झाकण मात्र घरात परत घेतलं नाही, औषधाची नवी बाटली आणावी लागली. तीही याच खर्चात धरा.