दंडावरचा आकडा सारखा, पण धमनीत काय?

रक्तदाब वाढलेला आणि दोन जिने चढलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं. अशा वेळी चिठ्ठीवर बहुधा दोनपैकी एक नाव येतं: मेटोप्रोलॉल-अटेनोलॉलसारखा बीटा ब्लॉकर, नाहीतर अ‍ॅम्लोडिपिन. दाब दोन्हींनी उतरतो, छातीतलं दुखणंही कमी होतं. रक्तवाहिन्यांशी मात्र दोघांचं वागणं वेगळं.

बीटा ब्लॉकर हृदयाची धावपळ थांबवतो. ठोके मंदावले की प्राणवायूची गरज घटते आणि दोन ठोक्यांमधली उसंत वाढते. हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः त्या उसंतीतच मिळतं. धमन्या सैल करणं हे त्याचं काम नव्हे. नेबिवोलॉल अपवाद: तो धमनीच्या अस्तरातून धमनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड सुटायला मदत करतो.

अ‍ॅम्लोडिपिन धमनीच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून धमन्या थेट सैलावतात, हृदयाच्यासुद्धा. २००६च्या ‘कॅफे’ अभ्यासात अटेनोलॉल आणि अ‍ॅम्लोडिपिन अशा दोन्ही गटांचा दंडावरचा दाब जवळपास सारखा होता, पण महाधमनीतला वरचा दाब अ‍ॅम्लोडिपिनच्या गटात सुमारे ४ अंकांनी कमी. पट्टा दंडाला बांधतात. मेंदूला रक्त जातं ते महाधमनीतून!

अ‍ॅम्लोडिपिनच्या या सैलावण्याची किंमत घोट्यांना मोजावी लागते. संध्याकाळी मोजा काढला की खोल वळ दिसतो. बारीक धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या नाही, म्हणून पाणी ऊतींत झिरपतं. लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही रक्तदाबाचीच दुसरी औषधं, त्यांपैकी एक जोडलं की बरेचदा उतरते.

अ‍ॅम्लोडिपिन आणि या दोनपैकी एक, ही जोडगोळी मला आवडते ती आणखी एका कारणासाठी. अँजिओटेन्सिन हे शरीरातलं संप्रेरक धमनीची भिंत जाड आणि ताठ करतं, त्यालाच रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन आवरतात. छातीतलं दुखणं मात्र त्यांनी लगेच थांबत नाही. रॅमिप्रिलने कोरडा खोकला सुटला तर टेल्मिसार्टन. रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन तपासायचं, आणि गरोदरपणात रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन दोन्ही वर्ज्य.

जिभेखालची नायट्रेटची गोळी रोजची नव्हे, केवळ छातीतल्या दुखण्याच्या वेळेला. सिल्डेनाफिलबरोबर (म्हणजे व्हायग्रा) कधीच नाही.

नाडी जलद असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर मी बीटा ब्लॉकरच्या बाजूने. नाडी आधीच मंद किंवा दमा असेल, तर अ‍ॅम्लोडिपिन. आणि बीटा ब्लॉकर चालू असेल तर तो मनाने एकदम सोडायचा नाही: नाडी उसळते, छातीतलं दुखणं दुपटीने परततं. डॉक्टर तो टप्प्याटप्प्यानेच उतरवतात.