१९६४च्या मॅन्युअलमध्ये पिनकोड कुठून आला?

जावा, येझदी या जुन्या मोटरसायकलींची आणि लॅम्ब्रेटा स्कूटरची ‘ओरिजिनल कंपनीची’ मॅन्युअलं विकणारा एक गृहस्थ सध्या नाशिकच्या जुन्या गाडीवाल्यांमध्ये फिरतोय. त्याला पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे साडेचार हजार गेलेत आणि ते परत येण्याची चिन्हं नाहीत.

ज्यांना हे वेड नाही त्यांना प्रश्न पडेल, जुन्या पुस्तिकेला एवढे पैसे कशाला? मैसूरला यादवगिरीच्या कारखान्यात साठच्या दशकात जावा बनायला लागली, सत्तरच्या दशकात तीच येझदी झाली, आणि १९९६ साली उत्पादन थांबलं. गाड्या टिकल्या, पुस्तिका मात्र रद्दीत गेल्या. इंजिनच्या ठिणगीचं टायमिंग किती ठेवायचं, कुठली तार कुठे जोडायची, हे ज्यांना तोंडपाठ होतं ते मिस्त्रीही आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून खरं मॅन्युअल दिसलं की माणूस भाव करत नाही. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिन असतो, त्याच्या आधी तर सगळे गाडी सजवण्याच्या नादात असतात. हा बाबा नेमका तेव्हाच आमच्या जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर उगवला.

भेट नाशिकरोड स्टेशनबाहेर ठरली. निम्मे पैसे आधी यूपीआयने मागितले, कारण “पुण्याची दोन गिऱ्हाईकं मागे लागलीत”. गठ्ठ्यात तीन पुस्तकं. सगळ्यात वर व्हेस्पाची पातळ घडीपत्रिका, आणि ती शंभर टक्के खरी होती. पिना गंजलेल्या, घड्या झिजलेल्या. तीच त्याने उघडून दाखवली. खालची दोन प्लास्टिकमध्ये सील केलेली, “पावसाळी हवा आहे, घरी जाऊन सावकाश उघडा.” चाळीस-पन्नास रुपयांचा खरा कागद वर ठेवून खालचा माल खपवायची ही रीत आहे, हे ध्यानात ठेवा.

घरी जावाची पुस्तिका उघडली. कव्हरवर १९६४. शेवटच्या पानावर कंपनीचा पत्ता: मैसूर, कर्नाटक, आणि पुढे सहा आकडी पिनकोड. आता पिनकोड आपल्याकडे सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला. आणि म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ला. म्हणजे १९६४ साली छापणाऱ्याला दोन्ही गोष्टी आधीच ठाऊक होत्या! प्रकार सरळ होता. कव्हर जावाचं, आतली पानं नंतरच्या एका येझदीच्या पुस्तिकेची, दोन्ही स्कॅन करून एकत्र शिवलेली. हे नुसतं संग्रहाचं दुखणं नाही. माझी गाडी ६ व्होल्टची, आणि आतला वायरिंगचा नकाशा १२ व्होल्टच्या गाडीचा. त्यात मूळ मोठी घडी ए-फोरवर बसवताना मधली पट्टी शिवणीत गेलेली आणि सगळ्या तारा राखाडी. तो बघून कोणी जोडणी केली असती तर पुढचं सांगायला नको.

लॅम्ब्रेटाच्या पुस्तकाची तऱ्हा वेगळी. ‘इटलीत छापलेली पहिली आवृत्ती’ म्हणून दिलेल्या त्या पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर पिवळट कागदाचा चौकोन चिकटवलेला होता. वाफेवर धरून सोडवला तर खाली बारकोड, आणि ९७८ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. तेरा आकडी क्रमांक २००७पासून आले. म्हणजे हे अलीकडचं पुनर्मुद्रण. पुनर्मुद्रण वाईट नसतं, उलट कामाला तेच बरं, कारण तेलकट हात लागले तरी जीव जळत नाही. पण ते पुनर्मुद्रणाच्या भावात मिळायला हवं.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, इथल्या सरकारी सिक्युरिटी प्रेसमधून, म्हणजे पोस्टाची तिकिटं, पासपोर्ट छापतात तिथून निवृत्त झालेले. नाशिकरोडला असा एखादा काका प्रत्येक गल्लीत सापडतो, त्यांचा उपयोग करून घ्या. काकांनी जावाच्या पुस्तिकेला भिंग लावलं आणि मला दाखवलं: छापलेलं चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांच्या ओळी; ते स्कॅन करून पुन्हा छापलं की ठिपक्यांवर ठिपके चढतात आणि चित्रात लाटा दिसायला लागतात. लेझर प्रिंटरची काळी पावडर कागदावर नुसती बसलेली असते, घडीवर नखाने घासली की खपली निघते. जुना कागद कडांकडून आत पिवळा होत जातो. हा मधोमधही तितकाच तपकिरी होता. काकांनी पान नाकाला लावलं आणि म्हणाले, “चहा. साखर न घातलेला.”

खरी गंमत मात्र कार्ब्युरेटरच्या पानावर. तिथे तेलकट अंगठ्याचा मस्त डाग. याच डागावर मी भाळलो होतो, कारण त्याने ग्रुपवर टाकलेल्या फोटोत तोच होता. तेल कागदात मुरतं, मागच्या बाजूला उमटतं. इथे मागचं पान कोरं करकरीत. डाग छापलेला! मी फोटो टाकला तेव्हा धुळ्याच्या एका सभासदाने त्याच्या पुस्तिकेचा फोटो टाकला. तेच पान, तोच अंगठा, तीच रेष.

त्या गृहस्थाला विचारलं तर, “रिप्रिंट म्हणूनच सांगितलं होतं, दादा.” आणि लगेच ‘ओरिजिनल’ लिहिलेले मेसेज सर्वांसाठी डिलीट. माझ्याकडे स्क्रीनशॉट होते म्हणून १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार तरी करता आली. व्यवहार ठरताच स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर काही उरत नाही.

कुठलंही जुनं मॅन्युअल घेताना शेवटचं पान, मागचं कव्हर आणि वायरिंगची घडी पूर्ण उघडून, असे तीन फोटो मागा. डाग असेल तर त्या पानाची मागची बाजूही. खरा विकणारा कुरकुर करत का होईना, पाठवतो. समोर भेट असेल तर सील तिथेच फोडा, पैसे नंतर. आता तो नवीन नंबरवरून राजदूत जीटीएसची, म्हणजे ‘बॉबी’ सिनेमातल्या आपल्या छोट्या मोटरसायकलची पुस्तिका विकतोय असं कळलं. भाव सहा हजार सांगतोय, निम्मे आधी.