एलियन मालिका: प्रदर्शनाच्या क्रमाने की कथेच्या?

कोथरूडला आमच्या मित्रमंडळींत ‘एलियन’ ही अंतराळातल्या भयपटांची मालिका कुठून सुरू करायची यावर नेहमी वाद होतो. एक गट कथेचा कालक्रम धरतो: आधी ‘प्रोमिथियस’ (२०१२), मग ‘कॉव्हेनंट’ (२०१७), त्यानंतर १९७९ चा मूळ ‘एलियन’. यात गोष्ट सरळ लागते, डेव्हिड या यंत्रमानवाचे उद्योगही सलग कळतात. एवढाच काय तो फायदा.

कारण रिडली स्कॉटच्या मूळ चित्रपटाची सगळी ताकद आपल्याला काही ठाऊक नसण्यात आहे. यानावरचा कर्मचारी ब्रेट मांजर शोधत जातो. वर साखळ्या लटकताहेत, पाणी टपकतंय. तो टोपी काढतो आणि निवांतपणे तोंडावर पाणी घेतो. चित्रकार गिगरच्या कल्पनेतला तो परग्रहावरचा प्राणी तेव्हाही नीट दिसत नाही! त्याची जन्मकथा आधीच पाहिलेल्याला हा प्रसंग नुसताच रेंगाळलेला वाटेल. आणि हो, नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू असतो त्या दिवसांत हा चित्रपट लावू नका. यातली शांतता ऐकू यायला हवी.

म्हणून मी ठामपणे प्रदर्शनाच्या क्रमाच्या बाजूने आहे. लगेच जेम्स कॅमेरॉनचा ‘एलियन्स’ (१९८६) येतो. इथे भीतीची जागा लढाई घेते, आणि न्यूट या छोट्या मुलीसाठी नायिका रिप्ली जिवावर उदार होते. १९९२ आणि १९९७ चे भाग सवडीने पाहा. ‘रोम्युलस’ (२०२४) कथेने ‘एलियन’ आणि ‘एलियन्स’च्या मधे बसतो, तरी ते दोन्ही पाहिल्यावरच लावा.