खेड्यातल्या चॅपलसाठी फायबरच्या संतमूर्ती: काय घ्यावं, काय परत पाठवावं

विदर्भातल्या खेड्यापाड्यांच्या चॅपलमधून, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरांतून, प्लास्टरच्या जुन्या मूर्ती हळूहळू जात आहेत आणि त्यांच्या जागी फायबरच्या येत आहेत. अडीच-तीन फुटांची, पोकळ, रंगवलेली, डोक्यामागे तेजोवलयाचं चक्र लावलेली मूर्ती आता फोनवर फोटो बघून मागवता येते आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतून गावापर्यंत पोचते. माल म्हणून फायबर चांगला आहे, पाचपैकी चार द्यायला हरकत नाही. मूर्ती म्हणून मात्र अडीचच्या वर जात नाही, कारण बहुतेक कारखान्यांकडे साचे मोजके आणि संत भरपूर. एकाच अंगाला डोकं बदलून, रंग बदलून, हातात दुसरी वस्तू देऊन नवा संत उभा केला जातो. घेणाऱ्याला त्या संताचं आयुष्य ठाऊक नसेल तर चूक पकडली जात नाही आणि सणाच्या दिवशी भलताच संत वेदीशेजारी येतो.

आधी माल. साच्यात रंगहीन जेलकोटचा (मूर्तीच्या बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठभागाचा) थर, त्यावर काचेच्या धाग्यांची चटई आणि पॉलिएस्टर रेझिन, असे पुढचे-मागचे दोन भाग करून जोडतात. चटईचे दोन थर हवेत आणि भिंत किमान तीन मिलिमीटर. मूर्ती आडवी करून पायाखालची कड बघितली की जाडी कळते. पाठीवर झग्याचा सपाट भाग अंगठ्याने दाबून बघा. ‘टक्’ करून आत जाऊन परत येत असेल तर थर एकच आहे, असा माल तिथेच परत करा. दुसरी खूण वासाची. मूर्ती बनून महिना झाला तरी पायाखालच्या भोकातून रेझिनचा उग्र वास येत असेल तर हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, कमी पडलाय. उन्हाळ्यात रेझिन भराभर धरतं म्हणून कारागीर हार्डनर कमी टाकतात. हात जरा जास्तच आखडला की माल आतून कच्चा राहतो. अशी मूर्ती पहिल्याच नवतप्यात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) टिनाच्या शेडखाली मान टाकते. हे शब्दशः घ्यावं, कारण गळ्याचा भाग सगळ्यात पातळ असतो.

प्लास्टरची तीन फुटी मूर्ती वीस-पंचवीस किलोची भरते, फायबरची सहा-आठ किलोची. सणाच्या मिरवणुकीत चौघांनी खांद्यावर न्यायची असेल तर हा फरक मोठा आहे. पण बारीक कोरीवकाम प्लास्टरमध्येच उठून दिसतं. पापण्या, नखं, दोरीचे पीळ फायबरमध्ये बोथट होतात. कोरड्या, पक्क्या भिंतीच्या चर्चमध्ये प्लास्टरची जुनी मूर्ती शाबूत असेल तर ती काढून फायबर आणायचं कारण नाही. लाकडाचं थोडक्यात: आलापल्लीच्या सागाची मूर्ती सुंदर होते, पण कोरणारा मिळणं अवघड आणि पैसे कितीतरी जास्त.

आता खरा मुद्दा, ओळखीचा. सगळ्यात जास्त घोळ फ्रान्सिस या नावाचा होतो. ‘संत फ्रान्सिसची तीन फुटी’ एवढं सांगून ऑर्डर दिली तर तिघांपैकी कोणीही येऊ शकतो. अमरावतीचं कॅथेड्रल संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाचं, नागपूरचं संत फ्रान्सिस डी सेल्सच्या, आणि दुकानात सर्वांत जास्त खपतो तो असिसीचा फ्रान्सिस. झेवियर 1542 साली गोव्याला उतरला आणि 1552 मध्ये चीनच्या दारात, शांगच्वान बेटावर, वयाच्या 46 व्या वर्षी वारला. म्हणून दाढी काळी हवी, पिकलेली नव्हे. काळा पायघोळ झगा, त्यावर गुडघ्यापर्यंतचा पांढरा झगा, गळ्यात स्टोल (धर्मगुरूची लांब पट्टी) आणि उंचावलेल्या हातात क्रूस. पायाशी खेकडा दिसला तर दचकू नका. समुद्रात पडलेला त्याचा क्रूस खेकड्याने परत आणून दिला ही जुनी आख्यायिका आहे, तो खेकडा मुद्दाम असतो.

डी सेल्स 1567 ते 1622 मधला. जिनिव्हाचा बिशप, पण जिनिव्हा प्रॉटेस्टंटांच्या हातात असल्याने मुक्काम आन्सीला. त्याला बिशपचाच वेश हवा: खांदे झाकणारा आखूड अंगरखा, छातीवर क्रूस, टक्कल पडत आलेलं कपाळ, भरघोस दाढी, हातात पुस्तक आणि लेखणी. लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता म्हणून लेखणी महत्त्वाची. कारखानेवाले बऱ्याचदा झेवियरच्याच साच्याला बिशपची टोपी घालून देतात. पांढऱ्या झग्यावर स्टोल आणि हात वर उचललेला असेल तर तो टोपी घातलेला झेवियर समजा. तिसरा असिसीचा: तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींची दोरी, आणि 1224 मध्ये ला व्हेर्ना डोंगरावर अंगावर उमटलेल्या, क्रूसावरच्या येशूसारख्या पाच जखमा. दोन्ही हात, दोन्ही पाय रंगवतात आणि कुशीतली जखम विसरतात. झग्याला तिथे चीर दाखवलेली असते, तीच सपाट करून टाकलेली आढळते.

फ्रान्सिसनंतर गोंधळ अँथनीचा. पादुआचा अँथनी मुळात लिस्बनचा, 1195 च्या सुमाराचा जन्म, 13 जून 1231 ला मृत्यू, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, 30 मे 1232 ला संतपद. म्हणजे उणीपुरी पस्तीस-छत्तिशीची हयात. चेहरा तरुण, दाढीमिशी नाही, डोक्यावर मधोमध भादरलेलं आणि भोवती केसांचं कडं, एका हातावर पुस्तक आणि बाळ येशू, दुसऱ्या हातात लिली. संत योसेफाच्या हातातही बाळ आणि लिली असते, म्हणून कारखान्यात या दोघांची अंगं सर्रास बदलतात. झग्याला दोरी आणि डोक्याला कडं असेल तर अँथनी. दाढी, खांद्यावरून घेतलेलं उपरणं, डोक्यावर पूर्ण केस असतील तर योसेफ. पांढरी लांब दाढी, टेकायची काठी आणि पायाशी डुक्कर आलं तर तो तिसराच: इजिप्तच्या वाळवंटातला मठवासी अँथनी, पादुआच्या अँथनीच्या साडेआठशेहून अधिक वर्षं आधीचा. त्याचा सण 17 जानेवारीला असतो.

शेतकऱ्यांच्या गावात संत इसिदोरची मागणी असायला हवी तेवढी नाही, हे नवलच. माद्रिदजवळ जमीनदाराच्या शेतात राबलेला हा माणूस, आपल्याकडच्या भाषेत चक्क सालगडी. तो बाराव्या शतकात वारला. त्याला संतपद 12 मार्च 1622 ला मिळालं, झेवियर, इग्नेशियस लोयोला, अव्हिलाची तेरेसा आणि फिलिप नेरी यांच्यासोबत एकाच दिवशी. सण 15 मे, नांगरटीच्या आणि बी-बियाण्याच्या दिवसांत. शेतकऱ्याचा वेश, हातात कुदळ, शेजारी बैलांची जोडी आणि औत हाकणारा देवदूत, अशी मूर्ती असते. तयार स्टॉकमध्ये सहसा नसतो, सांगून करून घ्यावा लागतो, आणि ऑर्डर देताना ‘शेतकरी इसिदोर’ असंच सांगावं. नुसतं इसिदोर म्हटलं तर सेव्हिलचा बिशप इसिदोर, हातात ग्रंथ घेतलेला, सातव्या शतकातला, येऊन उभा राहील. बैल वेगळे ओतलेले असतात. शिंगं सुटी मागवा आणि गावात आल्यावर चिकटवा, वाटेत ती टिकत नाहीत.

मराठी माणसाने आवर्जून बघावी अशी मूर्ती वसईच्या गोन्सालो गार्सियाची. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रूसावर चढवलेल्या 26 रक्तसाक्ष्यांपैकी (श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांपैकी) हा एक, 1862 मध्ये संतपद, भारतात जन्मलेला पहिला संत. फ्रान्सिस्कन संघाचा बंधू होता, धर्मगुरू नव्हे. तरी कारखान्यातून येणाऱ्या मूर्तीच्या गळ्यात हमखास स्टोल असतो. स्टोल काढून घ्यायला सांगा. क्रूस आणि दोन भाले ही त्याची खूण.

बायकांच्या मूर्तींत लिझ्यूची तेरेज आणि आपल्या केरळची अल्फोन्सा यांची अदलाबदल होते. तेरेज 1873 ते 1897, कार्मेल संघाची: तपकिरी झगा, खांद्यांवर पांढरी ओढणी, डोक्यावर काळा पदर, हातात गुलाबांनी झाकलेला क्रूस. अल्फोन्सा 1910 ते 1946, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची, 2008 मध्ये संतपद. चंद्रपूरकडे सीरो-मलबार (केरळच्या परंपरेतली कॅथलिक) कुटुंबं बरीच, तिकडे तिची मागणी असते. तिच्या अंगावर कार्मेलची पांढरी ओढणी असेल तर तेरेजचाच साचा वापरलाय. मदर तेरेसांची मूर्ती त्या मानाने सोपी, पण साडीच्या काठावर एक रुंद आणि दोन अरुंद निळ्या रेघा हव्यात. तीनही सारख्या ओढलेल्या असतात, चर्चमध्ये बसणाऱ्या आज्यांच्या नजरेतून ते सुटत नाही.

ग्रोटोसाठी, म्हणजे चर्चच्या आवारातल्या बनवलेल्या गुहेसाठी, फ्रान्समधल्या लूर्दची मरियामाता घेताना दोन गोष्टी तपासा. हात जोडलेले, कमरेला निळा पट्टा, दोन्ही पायांवर सोनेरी गुलाब, हातावर जपमाळ. हात खाली पसरलेले आणि बोटांतून किरण निघत असतील तर ती चमत्कारी मेडलची मरिया, 1830 मध्ये पॅरिसला कॅथरिन लाबुरेला दिसलेली. दोन्ही पूज्यच, पण ग्रोटो लूर्दचा आहे. दुसरी गोष्ट बर्नादेत, लूर्दला जिला मरियेचं दर्शन झालं ती. 1858 साली ती चौदा वर्षांची, चक्कीवाल्याची पोर होती. नेव्हेरच्या मठात गेली ती 1866 मध्ये. ग्रोटोपुढे गुडघे टेकलेली बर्नादेत डोक्यावर रुमाल बांधलेली खेड्यातली मुलगी हवी. सिस्टरच्या वेशातली पाठवली तर बदलून मागा. चेहऱ्याबद्दल फार हट्ट धरू नये: लूर्दच्या गुहेत 1864 मध्ये बसवलेली शिल्पकार फाबिशची संगमरवरी मूर्ती खुद्द बर्नादेतलाच पटली नव्हती.

ऊन. अँथनी आणि असिसीचा फ्रान्सिस उघड्यावर बसवू नयेत. गडद तपकिरी झगा मे महिन्याच्या दुपारी हात लावू देत नाही इतका तापतो, साधं रेझिन साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, आणि रंग सगळ्यात आधी तिथेच पापुद्रे सोडतो. लूर्दची पांढरी मूर्ती त्याच उन्हात जास्त टिकते. बाहेर ठेवायचीच तर डोक्यावर दोन फूट पुढे आलेला स्लॅब, तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला, रंगावर उन्हाला टिकणारा मॅट क्लिअर कोट. पायाला बोटभर भोक ठेवायला सांगा. चक्राच्या स्क्रूतून पाणी आत शिरतं आणि वाट नसेल तर पावसाळाभर आतच राहतं.

चौथरा काळ्या मातीवर नुसता बांधू नका. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मूर्ती पुढे झुकते. दोन-अडीच फूट खोदून मुरूम ठोकून भरा, त्यावर काँक्रीट. चर्चच्या आत भिंतीपासून चार इंच अंतर ठेवा म्हणजे ओल आणि उधई दोन्ही लांब राहतील. मूर्ती फायबरची असली तरी खालचा पाट लाकडी असतो हे लोक विसरतात.

वाहतुकीत तुटतात ती बोटं, झेवियरचा वर उचललेला हात, आणि संत सेबॅस्टियनचे बाण. बाण सुटेच मागवा. तणसात (भाताच्या पेंढ्यात) बांधून, पाठीवर आडवी, खाली जुनी गादी टाकून आणावी. कुटारात भरू नका, बारीक भुसा ताज्या रंगाला चिकटतो. मोडलेलं बोट जोडायला लोखंडी खिळा कधीच नको. गंजून फुगतो आणि तपकिरी ओघळ येतो, प्लास्टरच्या जुन्या मूर्तींचं वाटोळं याच खिळ्यांनी केलंय. दोन मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तार घाला. फायबरला गाडीच्या डेंटिंगवाल्याकडची पॉलिएस्टर पुट्टी, शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम हार्डनर. उन्हाळ्यात चार-पाच मिनिटांत धरते, तेव्हा लागेल तेवढीच कालवा. मग आधी 120 आणि नंतर 320 नंबरचा पॉलिश पेपर. भिंतीची पांढरी पुट्टी फायबरवर धरत नाही, सहा महिन्यांत खपली निघते. प्लास्टरच्या मूर्तीत तुटलेल्या कडा आधी पाण्याने भिजवून घ्या, कोरडं प्लास्टर नव्याचं पाणी शोषून घेतं आणि सांधा सुटतो.

चेहऱ्याला ऑइलपेंटची चकाकी नको म्हणून ऑर्डरमध्येच लिहा, ट्यूबलाइटखाली गाल नुसते चमकतात. आगाऊ रक्कम देण्याआधी रंग न दिलेल्या मूर्तीचे समोरून, पाठीमागून आणि पायाखालून असे तीन फोटो मागवा. स्टोल, दोरी, दाढी, जखमा याच टप्प्यावर बदलता येतात, रंग चढल्यावर कोणी हात लावत नाही. 13 जूनला अँथनी हवा असेल तर ऑर्डर फेब्रुवारीत द्या. मेमध्ये ओतलेला माल घाईत कच्चा राहतो आणि मिरगाचा पाऊस लागला की रंग वाळत नाही.